स्थलांतर आणि बाळंतिणीचा आहार : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

कोणत्याही प्रदेशाच्या इतिहासात दुष्काळ, सारा, जमीनधारा आणि बाजारभाव यांची चर्चा विस्ताराने होते. परंतु त्या प्रदेशातील बाळंतिणीच्या ताटात काय वाढले जात होते, हा प्रश्न इतिहासकाराच्या कक्षेत क्वचितच येतो. हा प्रश्न वैद्यकाचा किंवा गृहविज्ञानाचा आहे असे समजून तो त्या शास्त्रांकडे सोपविला जातो. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांपुरते पाहिले तरी बाळंतिणीचा आहार हा प्रामुख्याने इतिहासाचा विषय ठरतो. कारण गेल्या दीडशे वर्षांत त्या आहारात जे फेरबदल झाले, त्यांचे मूळ चालीरीतींत किंवा अज्ञानात नसून जमीन, जंगल आणि मजुरी यांच्या बदलत्या संबंधांत, आणि विशेषतः त्या संबंधांतून निर्माण झालेल्या हंगामी स्थलांतरात आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. शहापुराच्या ईशान्येस कसाऱ्याचा घाट, तर मुरबाडच्या पूर्वेस माळशेज व नाणेघाट. पावसाळ्यात येथे विपुल पाणी पडते, आणि शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबई शहर पिते. तथापि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. कुणबी, आगरी इत्यादी शेतकरी समाजांबरोबर ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी या जमातींची वस्ती येथे मोठी आहे. भाताचे एक पीक हाती आले की पुढील सात-आठ महिने पोट कशावर भरावयाचे, हा येथील गरीब घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आहे. सन २०१४ मध्ये पालघर जिल्हा निराळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व आदिवासी भाग म्हणजे मुख्यत्वेकरून हेच दोन तालुके होत.

२

प्रथम साधनांचा विचार करणे अवश्य आहे. सन १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराच्या तेराव्या खंडात ठाणे जिल्ह्यातील जातिजमातींचे तपशीलवार वर्णन आहे. घरे, पोशाख, अन्न, जन्म-विवाह-मृत्यू यांचे संस्कार यांची नोंद त्यात सापडते. पुढे वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ (१९३४), सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ (१९४५) आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ (१९६०) अशी मोलाची भर पडली. परंतु या लेखनाचा मुख्य रोख जमातीच्या चालीरीतींवर आहे. बाळंतपणाचा विधी त्यांस दिसतो. बाळंतिणीच्या ताटाचे मोजमाप हा त्यांचा विषय नव्हे. शिवाय जमात आपल्या गावी स्थिर आहे असे गृहीत धरूनच अशी वर्णने बहुधा लिहिली जातात. घराबाहेर, दुसऱ्याच्या कामावर, उघड्या माळावर झालेले बाळंतपण अशा चौकटीत बसत नाही.

सरकारी चौकशीची नजरही याच प्रकारे एका सीमेवर थांबली. सन १९३५ च्या कायद्यान्वये जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ म्हणून ठरविण्यात आले, त्यांत ठाणे जिल्ह्याचा डहाणू-उंबरगावचा मुलूख व मोखाडा पेटा यांचा समावेश झाला. सिमिंग्टन यांचा १९३९ मधील अहवाल अशाच प्रदेशांविषयी आहे. वास्तविक १८८२ च्या गॅझेटियरात मोखाडा हा शहापूर तालुक्याचाच एक पेटा होता. म्हणजे एकाच तालुक्याचा डोंगरावरील भाग चौकशीस पात्र ठरला, आणि खालचा भाग, मुरबाडसह, तिच्याबाहेर राहिला. पुढे १९४५ मध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून झालेल्या वारल्यांच्या लढ्यामुळे, आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे, डहाणू-तलासरीचे जीवन मराठी वाचकांस परिचित झाले. शहापूर-मुरबाडच्या वाट्यास तशी प्रसिद्धी आली नाही. म्हणून आमच्या विषयाचा इतिहास प्रत्यक्ष नोंदींपेक्षा अप्रत्यक्ष पुराव्यावरून, म्हणजे पिकांचा क्रम, जंगलाचे नियम, मजुरीची पद्धत आणि सरकारी योजनांचे निकष यांवरून, जुळवावा लागतो.

३

स्थलांतरापूर्वीच्या आहाराचे चित्र कसे होते? खाचरात भात, वरकस जमिनीत नागली व वरी, भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल, हरभरा यांसारखी कडधान्ये, परसात वेलभाज्या, आणि उरलेले सर्व जंगलातून, अशी ही रचना होती. पहिल्या पावसाबरोबर शेवळे, त्यामागून टाकळा, कुरडू, कवळा, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब, ओढ्यांत मासे व चिंबोऱ्या, हिवाळ्यात कंद, फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले, पुढे करवंदे व आंबे. बाळंतिणीच्या वाट्यास येणारे अन्न या रचनेतूनच येत असे. तांदळाची मऊ पेज, नागलीची भाकरी किंवा आंबील, कडधान्याचे कढण आणि जमेल तेव्हा सुके मासे, असे त्याचे साधारण स्वरूप मानता येईल. डिंकाचे लाडू, अळीव व साजूक तूप हा पांढरपेशा घरातील बाळंतिणीचा आहार होय. त्या मापाने या ताटाकडे पाहणे अन्यायाचे ठरेल. नागलीच्या शंभर ग्रॅम धान्यात सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो १० मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. दूध ज्या घरात नाही, त्या घरात नागलीची भाकरी हाच अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांचा आधार होता. उखळात कांडलेल्या तांदळाला कोंडा राहत असे, हाही फायदा लक्षात घेण्यासारखा आहे.

तथापि या चित्राला सुवर्णयुगाचा मुलामा देणे इतिहासास धरून होणार नाही. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई व सावकाराकडून खावटी उचलावी लागे. एक मण धान्याच्या बदल्यात सुगीला दीडपट-दुप्पट देण्याची ही पद्धत सर्व उत्तर कोकणात परिचित होती. ज्या बाईचे बाळंतपण त्या महिन्यांत येई, तिला घरी असूनही अर्धपोटीच राहावे लागे. शिवाय घरात ती जेवावयास बसे ती सर्वांच्या मागून. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, त्या ताटात अन्न कमी असले तरी प्रकार पुष्कळ होते. आणि ते प्रकार पैशाने विकत घ्यावे लागत नव्हते.

४

ही रचना प्रथम ढासळली ती जंगलाच्या बाजूने. सन १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली. राबासाठी पालापाचोळा व फांद्या तोडणे, फिरती शेती करणे, खैरापासून कात काढणे या साऱ्यांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. ज्यांचे नावच कातावरून पडले त्या कातकऱ्यांचा मूळ धंदा यात सर्वांत आधी बुडाला.

त्याच सुमारास मुंबई वाढत होती. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली, वाशिंदला १८५५ मध्ये पोहोचली आणि १८६१ मध्ये कसाऱ्यास भिडली. शहापूर तालुक्याच्या मध्यातून लोहमार्ग गेला. मुरबाड त्यापासून दूर राहिले. रेल्वेने जंगलातील लाकूड, कोळसा आणि गवत यांस बाजार मिळवून दिला. ज्यांना जंगल आपले म्हणून वापरता येईना, तेच आता ठेकेदाराचे मजूर म्हणून त्याच जंगलात शिरू लागले. कोळसा पाडणारी कातकरी कुटुंबे ठेकेदारामागोमाग एका कूपातून दुसऱ्या कूपात जात.

या पहिल्या स्थलांतराचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. कोळशाच्या भट्टीवरचे कुटुंब गाव सोडून जाई, पण जंगल सोडून जात नसे. कंद, पाला, मासे, लहान शिकार ही त्याच्या हाताशी राहत. बाळंतीण आपल्या सासूपासून व सुइणीपासून तुटे, धान्यासाठी ठेकेदाराच्या उचलीवर अवलंबून राही, पण तिच्या ताटातील जंगलाचा वाटा पुरता नाहीसा होत नसे. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ पासून, बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या, त्यांचा हेतू ठेकेदार दूर करण्याचा होता. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडतोडच उत्तरोत्तर कमी होत गेली. सन १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तर जंगलातील काम हे उपजीविकेचे मुख्य साधन उरले नाही. तेव्हा मजुरांचा ओघ वीटभट्ट्यांकडे वळला.

५

मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मागाहून नवी मुंबई या शहरांच्या बांधकामांना लागणारी वीट भोवतालच्या खाडीकाठच्या व नदीकाठच्या मातीतून निघते. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात आणि पावसाच्या तोंडावर माणसे परततात. मालकाकडून पावसाळ्यात किंवा गणपती-दिवाळीच्या सुमारास ‘बयाणा’ घ्यावयाचा, हंगामभर आठवड्याला ‘खर्ची’ मिळावयाची, आणि शेवटी थापलेल्या विटांच्या हजारीवर हिशेब होऊन बयाणा वळता व्हावयाचा, अशी ही पद्धत आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला असला, तरी हिशेबात बाकी निघाली की पुढच्या हंगामाचे पाय बांधले जातात, हा अनुभव कायद्याने संपलेला नाही. सन १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने याच जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, तो याच वस्तुस्थितीमुळे.

या पद्धतीचा बाळंतिणीच्या आहाराशी असलेला संबंध चार अंगांनी पाहता येतो.

पहिले अंग पीकक्रमाचे. कुटुंब कार्तिकात निघून गेल्यामुळे भातानंतरचा वाल किंवा हरभरा पेरावयास, राखावयास कोणी उरत नाही. म्हणजे स्थलांतराने केवळ जागा बदलली नाही, तर घरच्या डाळीचे पीकच बुडविले. वरकस जमिनीची नागलीही श्रमाच्या मानाने परवडेनाशी झाली. मांसाहार क्वचित आणि दूध जवळजवळ नाही, अशा घरात प्रथिनांचा आधार कडधान्यच असते. तेच आता पैसे देऊन घ्यावे लागते.

दुसरे अंग चुलीचे. भट्टीवरच्या झोपडीत जाते नेता येत नाही. तांदूळ पातेल्यात शिजतो. नागली दळावी लागते, मळावी लागते, थापावी लागते. पहाटेच्या अंधारात चिखल मळावयास उभ्या राहणाऱ्या बाईने भाकरीऐवजी भात पत्करला, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सोबतीला कांदा, बटाटा, मिरची, सुकट, आणि खर्चीच्या दिवशी बाजारातून आणलेले थोडे तेल व मसाला. हिरवा पाला आणावयास भट्टीच्या आसपास जंगल नाही आणि वेळही नाही.

तिसरे अंग मजुरीच्या मोजणीचे. मजुरी दिवसावर नसून विटांच्या संख्येवर आहे, आणि ती जोडप्याची मिळून आहे. बाळंतीण जितके दिवस बसून राहील, तितक्या विटा कमी, आणि तितकी हिशेबातील बाकी अधिक. घरी असताना विश्रांती आणि अन्न ही एकमेकांस पूरक होती. भट्टीवर ती एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात. विश्रांती घ्यावी तर बाकी वाढते. खर्ची टिकवावी तर अंगावर पिणारे मूल झोळीत टाकून साच्याशी बसावे लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस नेहमीपेक्षा दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. जड श्रमाची गरज याहून निराळी. हे दोन्ही खर्च एकाच भाताच्या ताटातून भागवावयाचे असतात.

चौथे अंग माणसांचे. म्हातारी माणसे बहुधा पाड्यावर मागे राहतात. बाळंतिणीने काय खावे हे सांगणारी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते शिजवून तिच्यापुढे ठेवणारी बाई तिच्याजवळ राहत नाही. आपण पथ्यापथ्याच्या समजुतींना नावे ठेवतो, आणि त्यांतील काही समजुती अपायकारक आहेतही. परंतु त्याच परंपरेत बाळंतिणीस काही दिवस कामापासून दूर ठेवण्याचा आणि तिला आयते अन्न देण्याचा नियमही होता. स्थलांतरात समजुती सोबत जातात. नियम पाळणारे हात मागे राहतात.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बयाण्याचे पैसे अनेकदा आषाढ-श्रावणातील उपासमार टाळतात. पूर्वी ज्या महिन्यांत खावटी उचलावी लागे, त्याच महिन्यांत आज बयाणा घरात येतो. भट्टी शहराजवळ असल्यास रुग्णालय पाड्यापेक्षा जवळ पडते, आणि हाती रोख असल्यास अंडे, कोंबडी, तेल हेही पाड्यापेक्षा सुलभ होते. म्हणून स्थलांतराने आहार सर्वस्वी बिघडविला, असे एकेरी विधान करता येणार नाही. त्याने भुकेचा महिना बदलला, आणि अन्नाचा स्वामी बदलला. खावटी हे धान्य होते व ते घरच्या चुलीवर शिजत असे. बयाणा हा पुढील श्रमाचा आगाऊ मोबदला आहे, आणि त्याची फेड गरोदर किंवा बाळंत देहालाही करावी लागते.

परदेशी गेलेल्या लोकांच्या आहाराचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत पुष्कळ झाला आहे. नव्या देशात गेलेले कुटुंब जुने अन्न हळूहळू टाकते व एक-दोन पिढ्यांत तेथले अन्न स्वीकारते, अशी त्याची साधारण मांडणी असते. शहापूर-मुरबाडला ही मांडणी लागू पडत नाही. येथील स्थलांतर एकदाच घडत नसून दरवर्षी घडते. तीच बाई पावसाळ्यात कुरडू-टाकळ्याची भाजी खाते आणि हिवाळ्यात कांदा-भातावर येते. तिचे मूल कोणत्या महिन्यात जन्मले, यावर तिचा बाळंतपणातील आहार ठरतो. एकाच स्त्रीची श्रावणातील आणि माघातील अशी दोन बाळंतपणे ही दोन निराळ्या अर्थव्यवस्थांतील बाळंतपणे होत.

६

आता राज्यसंस्थेने वाढलेल्या ताटाकडे वळू. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली आणि अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना पूरक आहार देण्याचे तत्त्व मान्य झाले. महाराष्ट्रात आदिवासी भागांसाठी १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. सन २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींची कुटुंबे अंत्योदय शिधापत्रिकेस पात्र ठरली. सन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने विनामूल्य आहार हा स्त्रीचा कायदेशीर हक्क केला. आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू करून अनुसूचित क्षेत्रातील स्त्रियांना गरोदरपणात व प्रसूतीनंतर एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण देण्याची व्यवस्था केली. घरी नेलेला शिधा सर्वांत वाटला जातो. अंगणवाडीत बसून खाल्लेले जेवण त्या स्त्रीच्याच पोटात जाते. या दृष्टीने ही कल्पना मौलिक आहे यात संशय नाही.

परंतु या सर्व योजनांचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे गाव. अंगणवाडीची यादी गावाची, अनुसूचित क्षेत्राची सीमा गावाची. सन १९८५ च्या आदेशाप्रमाणे शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडमधील मात्र काही गावेच त्यात आहेत. तेव्हा मुरबाडमध्ये शेजारशेजारच्या दोन गावांतील सारख्याच दारिद्र्यातील दोन बाळंतिणींपैकी एकीस ताजे जेवण व दुसरीस केवळ सर्वसाधारण पूरक आहार, अशी स्थिती संभवते. आणि जी स्त्री कल्याण किंवा नवी मुंबईच्या बाजूस भट्टीवर जाते, ती आपल्या गावाच्या यादीत राहून अनुपस्थित ठरते, आणि जेथे राहते तेथे अनुसूचित क्षेत्रच नसल्याने त्या जेवणास अपात्र ठरते. शिधापत्रिका आता देशभर चालावी अशी सोय झाली आहे. धान्य माणसामागे जाऊ शकते. पण शिजविलेले जेवण सीमेवर थांबते.

१९३६ मध्ये आखलेली वगळलेल्या प्रदेशाची रेषा शहापूर-मुरबाडला चौकशीबाहेर ठेवून गेली होती. आजची रेषा हितबुद्धीने आखलेली आहे, आणि ती या तालुक्यांना बव्हंशी आपल्या आत घेते. तथापि दोन्ही रेषांचे गृहीत एकच आहे की, गरीब माणूस आपल्या जागी सापडेल. दीडशे वर्षांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. बाळंतिणीच्या आहारातील ऱ्हास हा एकदम झाला नाही. जंगलावरील निर्बंध, कोळशाची भट्टी आणि विटांची भट्टी अशा पायऱ्यांनी तो होत गेला. प्रत्येक पायरीवर तिच्या ताटातील विकत न घेता मिळणारा एकेक पदार्थ कमी झाला, आणि उरलेल्या पदार्थांसाठी तिच्याच श्रमांचे मोल द्यावे लागले. दुसरे असे की, या ऱ्हासाचे कारण अज्ञानात शोधणे चुकीचे आहे. नागली पौष्टिक असते हे शहापुराच्या बाईला कोणी शिकवावयास नको. तिला हवे आहे ते जाते, वेळ आणि सहा महिन्यांची उसंत. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्या सरासरीच्या आत भट्टीवर बाळंत झालेल्या स्त्रीची संख्या निराळी मोजली जात नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामास मोठा वाव आहे. अंगणवाडीच्या नोंदवह्यांतील जन्ममास आणि अनुपस्थितीचे महिने एकत्र मांडले, पाड्यावरील वृद्ध स्त्रियांकडून कोळशाच्या काळातील बाळंतपणांच्या आठवणी टिपून घेतल्या, तलाठी दप्तरातील पीकपाहणीवरून वाल-नागलीचे क्षेत्र दशकानुदशके तपासले, तर या निबंधातील अनुमानांची परीक्षा होईल. आणि काही अनुमाने टाकून द्यावी लागली तरी तो लाभच मानावा. मात्र वृद्ध स्त्रियांच्या आठवणींचे काम विलंब सोसणारे नाही. कोळशाच्या कूपात बाळंत झालेल्या स्त्रिया आता फार थोड्या उरल्या असतील, आणि त्या काळी त्यांनी काय खाल्ले याची नोंद त्यांच्या स्मृतीखेरीज अन्यत्र कोठेही नाही.